गंजी एक, थ्रेशर एक, तरी दादाचं सोयाबीन उगवलं अन् माझं का नाही?

वावरवाला (दर्यापूर) | १४ मे, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. मे अर्धा सरला. कृषी केंद्रावर बॅगेचा भाव ऐकला अन् गुपचूप घरी येऊन घरचं सोयाबीन तपासायला काढलं. वाण पीडीकेव्ही अंबा. मागच्या सालची प्रमाणित बॅग पेरली होती, तिचंच हे पुढचं पीक. सरळ वाण आहे, दोन-तीन हंगाम घरचं चालतं हे कोणाला नव्यानं सांगायला नको.

आता खरी भानगड. वावर सामाईक, सोंगणी एकदम, गंजी एक, थ्रेशर एक. मळून झाल्यावर निम्मा माल दादाच्या घरी गेला. त्याचं घर जुनं, मातीच्या भिंतींचं, धाब्याचं. माझा माल वावरातल्या टिनाच्या शेडात. ओल्या गोणपाटावर दोघांच्या मालातले शंभर-शंभर दाणे मोजून टाकले. दादाचे ७४ उगवले, माझे ५२. खात्री म्हणून परत टाकले, निकाल तोच, दोन-चार दाणे इकडे तिकडे.

माझे मेलेले दाणे नीट पाहिले. काही नुसते फुगून लिबलिबीत झाले, बोटानं दाबलं की आतून पांढरट पाणी अन् आंबूस वास. काहींच्या डाळिंब्या फाकल्या, पण मुळाचं टोक तपकिरी होऊन तिथंच थांबलं. दोघा-तिघांवर काळी बुरशी.

प्रश्न दोन. एक, पोत्यात ठेवल्या ठेवल्या बी मरतं म्हणजे नेमकं काय होतं, उन्हानं मरतं की दमट हवेनं? दुसरा, ५२ वालं पेरू की विकून मोकळा होऊ?

ठेचा_भाकर | १४ मे, रात्री ९:१८

पयला! ५२ म्हणजे सेकंड क्लास झाला ना भाऊ. आमच्या घरात येवढे मार्क कोनालेच नाई पडले. पेरून टाक.

पऱ्हाटी (यवतमाळ) | १४ मे, रात्री ९:४०

तुम्ही सोयाबीनवाले नशीबवान, निदान घरचं-विकतचं असा वाद तरी घालता. २००२ ला बीटी आलं तेव्हापासून आमच्याकडं कपाशीचं घरचं बी हा विषयच संपला. माझी आजी सरकी शेण-मातीत घोळून, चोळून, वाळवून पेरायची. आता सरकी फक्त ढेपेच्या रूपात घरात येते.

बीजगणित (अकोला) | १४ मे, रात्री १०:३५

बियाणे तपासणीच्या कामात माझा जन्म गेला, आता निवृत्त आहे. जरा लांबण लावतो.

सोयाबीनमध्ये तेल साधारण १८ ते २० टक्के असतं. बी पोत्यात असतं तेव्हाही ते जिवंतच असतं, हळू श्वास घेत असतं. हवेतला ऑक्सिजन लागून त्यातल्या तेलाची मोडतोड चालू असते. जुना चिवडा खवट होतो ना, तसंच. फरक एवढाच की दाण्यात ही मोडतोड पेशींच्या पडद्यांवर होते. पडदे सैल पडले की बी पाण्यात टाकल्याबरोबर आतली साखर, क्षार बाहेर झिरपतात. बाहेर आलेल्या त्या साखरेवर बुरशी तुटून पडते. तुम्ही लिहिलेला लिबलिबीत दाणा अन् आंबूस वास तो हाच. प्रयोगशाळेत अशा पाण्याची विद्युतवाहकता मोजतात. जितकी जास्त, तितकं बी म्हातारं.

आता ऊन की दमटपणा. दोन्ही, पण ओलावा आधी. हॅरिंग्टन नावाच्या शास्त्रज्ञाचा ठोकताळा आहे. दाण्यातला ओलावा एक टक्का कमी केला की बियाण्याचं आयुष्य दुप्पट, आणि साठवणीचं तापमान पाचेक अंश सेल्सियसनं उतरवलं की पुन्हा दुप्पट. ओलाव्याचं गणित ५ ते १४ टक्क्यांच्या दरम्यानच लागू पडतं. म्हणजे १४ टक्के ओलाव्याचं सोयाबीन १० वर आणून भरलं तर चार वेळा दुप्पट, सोळा पट झालं. हे काटेकोर मापन नाही, पण वजन कुठल्या पारड्यात आहे ते कळतं. त्याच गृहस्थांचा दुसरा ठोकताळा असा की खोलीचं फॅरनहाइटमधलं तापमान आणि हवेची सापेक्ष आर्द्रता यांची बेरीज १०० च्या आत हवी. आपल्याकडं मे महिन्यात ४५ अंश सेल्सियस म्हणजे नुसतं तापमानच ११३. बेरीज करायची वेळच येत नाही!

चार प्रश्न विचारतो. भरताना ओलावा किती होता? पोती कसली? खाली काय अंथरलं होतं? शेडात सोबत आणखी काय होतं?

वावरवाला | १४ मे, रात्री १०:५८

बीजगणित काका, मनापासून आभार. ओलावा यंत्रानं नाही मोजला, दाताखाली टचकन फुटत होतं. पोती प्लॅस्टिकची, खाताची धुऊन घेतलेली. खाली सिमेंटचा कोबा, त्यावर सरळ थप्पी. शेडात एका कोपऱ्यात युरिया-डीएपी होतं. दादाकडं तागाची चुंगडी, लाकडी फळ्यांवर.

सडेतोड (वर्धा) | १४ मे, रात्री ११:०४

मग धागा संपला की. प्लॅस्टिक, कोबा, टिन, युरिया. चारही खांदेकरी हजर. मढं कोणाचं ते विचारताय?

आजोबा_अकोट | १५ मे, सकाळी ६:२०

आमच्या वेळी असले काही नखरे नव्हते. ज्वारीची चांगली भरदार कणसं निवडायची, चुलीवरच्या आढ्याला टांगायची. धूर लागून कीड फिरकत नसे. तूर, मूग राखेत घोळून मडक्यात. गव्हाच्या कोठीत बिब्बे अन् कडुनिंबाचा पाला. भरायचं ते अवसेलाच, पोरकिडा लागत नाही. बी कधी विकत आणलं नाही, कधी मेलं नाही.

ठेचा_भाकर | १५ मे, सकाळी ७:०२

आजोबा, सोयाबीन चुलीवर टांगलं तर सोयाचिली होईन ना.

सडेतोड | १५ मे, सकाळी ७:३०

आजोबांचा मान राखून सांगतो. ज्वारी, तूर, गहू ही दमदार पिकं. सोयाबीन आपल्या भागात पसरलं ते ऐंशी-नव्वदच्या दशकात, त्याला आजीच्या बटव्यात औषध असणार कुठून? आणि अवसेचं म्हणाल तर त्या दिवशी किडे काय उपास धरतात?

आजोबा_अकोट | १५ मे, सकाळी ७:५५

किडे उपास धरत नाहीत, पण अवस धरली की माणूस काम पुढं ढकलत नाही. तारीख ठरलेली असते. तुमचं "बघू, भरू" शिमग्यापर्यंत चालतं.

बीजगणित | १५ मे, सकाळी ९:१५

हा टोला मान्य! राख, धूर, बिब्बा, निंब हे सगळे उपाय किडीवरचे. राखेनं थोडी ओलही ओढली जाते. पण सोयाबीनचं दुखणं कीड नाहीच. पोत्यात एक भुंगा दिसत नाही, दाणा पिवळाधमक, चकचकीत, अन् आतून मेलेला. त्यामुळंच माणूस फसतो.

पिकापिकांतला फरकही सरकारी मापदंडातच दिसतो. प्रमाणित बियाण्याला गव्हाला अन् हरभऱ्याला किमान ८५ टक्के उगवण लागते, धानाला ८०, तुरीला ७५, सोयाबीनला ७०. पीकच नाजूक म्हणून अट सैल. सोयाबीनचं टरफल पातळ, आणि मुळाचा अंकुर त्या टरफलाच्या अगदी लगत, दाण्याच्या कडेला. मार बसला की पहिला त्याच्यावर.

धानपट्टा (नागभीड) | १५ मे, सकाळी १०:४०

धानाला तूस आहे, अंगावर चिलखत घालूनच जन्माला येतो. आमच्याकडं नीट वाळवलेलं धान पुढच्या हंगामापर्यंत आरामात राहते.

अवांतर: घरच्या बियाण्याचा विषय निघाला तर आमच्या तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. १९८३ मध्ये स्वतःच्या बांधीत वेगळ्या दिसलेल्या लोंब्या काढून ठेवल्या, पुढं पेरत, निवडत गेले, त्यातून एचएमटी धान आलं. तेव्हा घड्याळ एचएमटीचं चालायचं, तेच नाव धानाला पडलं. २०१८ मध्ये ते गेले. त्या मूठभर लोंब्या नीट ठेवल्या गेल्या नसत्या तर अर्ध्या देशाच्या ताटात तो भात आलाच नसता.

पऱ्हाटी | १५ मे, सकाळी ११:०५

धानपट्टा +१. असं अवांतर रोज येऊ द्या.

मळणीवाला_कारंजा | १५ मे, दुपारी १:२०

इथं सगळे शेडाच्या अन् पोत्याच्या मागं लागले. मी थ्रेशर चालवतो. सोयाबीन निम्मं तर खळ्यावरच मरते, अन् नाव गोदामाचं होते.

बियाण्यासाठी मळायचं तर ड्रमचे फेरे मिनिटाला ३५० ते ४०० च्या वर नको, हे कृषी विभागाचे लोक दरसाल सांगतात. मलेही माहीत हाय. पन शेतकरी काय म्हनते? "आभाळ आलं, लवकर आटप." पुढच्या वावरातला मानूस बांधावर उभा राहून फोन करते. मंग ट्रॅक्टरचा वेग वाढवा लागते. कुटारासोबत दाळ उडाली की समजा मार जास्त झाला. दाळ तरी दिसते, ज्या दाण्याले नुसता चिरा गेला तो दिसतच नाई. तो जाते पोत्यात, अन् चिऱ्यातून ओल शिरते.

अन् जास्त वाळलेलं मळलं तरी फुटते, ओलं मळलं तरी ठेचते. १३-१४ टक्के ओलाव्यावर मजेनं निघते. मळल्यावर पोतं ट्रॉलीतून धाडकन आपटनारे पोट्टे बी मी पाह्यले. म्हनून बियान्याचा माल मळायचा असन तर तसं आधी सांगा, सकाळच्या वेळी बोलवा, घाई करू नका.

वावरवाला | १५ मे, दुपारी २:०५

मळणीवाले भाऊ, पण थ्रेशर आमचं दोघांचं एकच होतं. मार बसला तर दोघांच्या मालाला सारखाच बसायला पाहिजे ना?

मळणीवाला_कारंजा | १५ मे, दुपारी २:१५

थ्रेशर एक, पन वेळ एक होती काय? पयले कोनाचे कट्टे भरले, मागून कोनाचे?

सडेतोड | १५ मे, दुपारी २:२२

धंदा चुकला भाऊ तुमचा, वकील व्हायचं होतं.

संत्राबाग (शेंदुरजनाघाट) | १५ मे, दुपारी ३:३०

तुम्ही सगळे "वाळवा, वाळवा" म्हणता. आमच्याकडं वाळवलं की मेलं. संत्र्याच्या कलमाला खुंट लागतो जंबेरीचा किंवा रंगपूर लिंबाचा. जंबेरीचं बी फळातून काढलं की धुऊन सावलीत नुसतं वरचं पाणी सुकेपर्यंत ठेवायचं अन् लगेच वाफ्यावर टाकायचं. नवख्या नर्सरीवाल्यानं ते कडक उन्हात खडखडीत केलं की वाफा भकास राहतो. आंबा, फणसाच्या कोयांचंही तेच. कडुनिंबाची निंबोळी पावसाळ्यात गोळा करून पुढच्या साली पेरायला ठेवणारे लोक तर दरवर्षी भेटतात.

तेव्हा "बी म्हणजे कोरडं ठेवायचं" हा नियम सगळ्यांना सरसकट लावू नका.

बीजगणित | १५ मे, सायंकाळी ५:१०

संत्राबाग, अगदी बरोबर, ही जातच वेगळी. आंबा-फणसाचं बी वाळवणं सोसत नाही, त्यामुळं शीतगृहातल्या बियाणे बँकेतही ते ठेवता येत नाही. बाकी धान्यं, कडधान्यं मात्र कोरडी अन् थंड ठेवाल तितकी जगतात. नॉर्वेतल्या स्वालबार्डच्या भांडारात (२००८ पासून) उणे १८ अंशांवर बियाणं ठेवतात ते याच बळावर. इस्रायलमध्ये तर मसाडाच्या किल्ल्यात सापडलेलं सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं खजुराचं बी २००५ मध्ये रुजलं. वाळवंटाची कोरडी हवा, बस्स.

ठेचा_भाकर | १५ मे, सायंकाळी ५:१८

दोन हजार वर्षं! अन् वावरवाल्याचं सोयाबीन आठ महिने नाई टिकलं. भाऊ, शेड मसाड्याले हलव.

पऱ्हाटी | १५ मे, सायंकाळी ६:००

मला एक कळत नाही. कोरडी हवा चांगली म्हणता, तर आपल्या मे महिन्याइतकी कोरडी हवा कुठं असते? दुपारी तर ओठ फुटतात. मग मे मध्ये बी मरायला नको.

बीजगणित | १५ मे, रात्री ८:४५

पऱ्हाटी, या धाग्यावरचा सगळ्यात चांगला प्रश्न तुमचा. माझं मत असं की आपलं सोयाबीन मे मध्ये कमी मरतं. ऊन असतं, पण तोवर दाणा वाळून ८ टक्क्यांच्या आसपास आलेला असतो, कोरड्या दाण्याला उष्णता बरीच सोसते. खरं नुकसान दोन वेळा होतं. पहिलं ऑक्टोबर-नोव्हेंबरात. परतीचा पाऊस शेंगेवर पडला की दाणा उभ्या झाडावरच म्हातारा व्हायला लागतो. त्यात तो १४ टक्क्यांवर प्लॅस्टिकच्या पोत्यात कोंडला की आतली वाफ बाहेर पडत नाही, ढीग गरम होतो, साठवणीतल्या बुरशा जाग्या होतात. टिनाच्या शेडात आणखी एक: दिवसा पत्रा तापतो, थंडीत रात्री गार पडतो, आतून दव धरतं अन् वरच्या पोत्यांवर ठिबकतं. मातीच्या घरात हा चढ-उतार होत नाही. दादाच्या घराचा फायदा बहुतेक तिथं झाला.

दुसरं नुकसान जूनमध्ये. हवा दमट होते, कोरडं बी परत ओल ओढतं. सोबत युरिया असेल तर बघायलाच नको, तो आपली ओल सगळ्यांना वाटतो. अन् फार कोरडा झालेला दाणा चिंब मातीत पडला की इतक्या झपाट्यानं पाणी ओढतो की आतले पडदेच फाटतात. म्हणून ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर, वाफसा आल्यावर पेरा, तीन-चार सेंटिमीटरच्या खाली जाऊ नका, असं सांगतात.

आणि पेरणीआधी सोयाबीन कडक उन्हात वाळत घालणाऱ्यांना हात जोडून विनंती, नका घालू.

चिखलीची_लेक (बुलढाणा) | १५ मे, रात्री ९:३०

बचत गटात आम्ही बायका तूर, हरभरा अन् थोडं सोयाबीन बियाण्याला राखतो. आमचा अनुभव थोडा वेगळा म्हणून लिहिते.

तुरीचा भुंगा घरात येत नाही, तो वावरातूनच शेंगेवर अंडी घालून घरात येतो. त्यामुळं कोठी कितीही धुवा, दोन महिन्यांनी दाण्याला गोल भोक दिसतंच. तिथं हवाबंद पिशव्यांचा आम्हाला फार फायदा झाला. आत हवा उरत नाही, भुंगे गुदमरून मरतात. पण एका बाईनं हौसेनं सोयाबीनही त्यात भरलं, पुरतं वाळलेलं नव्हतं, उघडलं तर नुसता कुबट वास. काका म्हणतात तेच, ओलं असताना कोंडलं की गेलं. आधी वाळवा, मग कोंडा.

ओलावा बघायला यंत्र नसेल तर आम्ही एक करतो. काचेची कोरडी बाटली, त्यात थोडं खडखडीत कोरडं मीठ, वर मूठभर दाणे, झाकण लावून हलवायचं अन् दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं. मीठ काचेला चिकटलं तर माल अजून ओला, साधारण १५ टक्क्यांच्या वर. नाही चिकटलं तर निदान त्या खाली आला. दातापेक्षा बरं, आणि दात शाबूत राहतात.

भुईमूगवाल्यांनो, शेंगा फोडून ठेवू नका. पेरायच्या तोंडावर फोडा.

आजोबा_अकोट | १५ मे, रात्री ९:५०

बाई, छान लिहिलं. नवरात्रात घट बसवतो, त्यात गहू टाकतो, ती पण उगवण चाचणीच की. गहू कसा उतरला ते बघूनच रब्बीची पेरणी ठरायची.

सडेतोड | १५ मे, रात्री १०:०१

आजोबा, घटाच्या गव्हाचं पटलं, वेळही जमते. फक्त मोजून टाकत जा, मग मी पण हात जोडेन.

नगदी (वाशिम) | १६ मे, सकाळी ८:१०

एवढा खटाटोप कशाला? सरळ बॅग आणा अन् पेरा. घरचं, घरचं करून जूनमध्ये दुबार पेरणी करणारे आमच्या गावात पैशाला पासरी आहेत.

चिखलीची_लेक | १६ मे, सकाळी ८:४०

नगदी भाऊ, २०२० विसरलात? आधीच्या साली ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस कोसळला होता, अन् त्या खरिपात मराठवाडा-विदर्भात विकतच्या बॅगा उगवल्या नाहीत म्हणून तक्रारींचा ढीग लागला. औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली होती. बॅगेतलं बीसुद्धा कोणाच्या तरी वावरातच पिकतं, पाऊस त्याला वगळत नाही. पुढं २०२१-२२ च्या उन्हाळ्यात बियाण्यासाठी उन्हाळी सोयाबीन घ्या म्हणून कृषी विभागानं जोर लावला तो यामुळंच. मे मध्ये काढा, जूनमध्ये पेरा, साठवायची भानगडच कमी.

नगदी | १६ मे, सकाळी ९:०५

उन्हाळी मी केलं होतं. दाणा बारीक, पिवळा मोझॅक रोग वेगळा, अन् रात्रीच्या विजेवर ओलीत. हिशेब जमला नाही. असो, बॅग घेतली तर मेलं की भांडायला कोणीतरी असतं. घरचं मेलं तर कोणाशी भांडू, बायकोशी?

पऱ्हाटी | १६ मे, सकाळी ९:२०

भांडून तरी काय मिळतं? मागं मी तक्रार केली तेव्हा पंचनामा होईस्तोवर डवरणीची वेळ आली होती.

बीजगणित | १६ मे, सकाळी १०:३०

विकत घेणाऱ्यांनी पावती, टॅगसकट रिकामी पिशवी अन् मूठभर बी जपून ठेवावं, तक्रार लगेच तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं द्यावी. बॅग घेताना टॅगवरची चाचणीची तारीख वाचा. प्रमाणित बियाण्याची वैधता चाचणीपासून नऊ महिने असते, पुन्हा तपासून सहा महिने वाढवता येते. आणि बॅगही घरी आणून गोणपाटावर तपासा. टॅगवर ७० लिहिलं तेव्हा ती बॅग कुठल्या टिनाखाली जायची होती हे टॅगला माहीत नव्हतं.

वावरवाला | १६ मे, दुपारी १२:४०

मंडळी, दादाला विचारलं. मळणीवाले भाऊंनी बरोबर नस धरली. मळणी दुपारून सुरू झाली, पहिले कट्टे दादाच्या ट्रॉलीत गेले. संध्याकाळी आभाळ भरलं, ऑपरेटरला दुसऱ्या गावाला जायचं होतं, तेव्हा त्यानं वेग वाढवला. ते मागचे कट्टे माझे. म्हणजे आता आरोपी दोन, थ्रेशर अन् शेड. काका, यात कोणी किती मारलं हे कळायचा काही मार्ग?

मळणीवाला_कारंजा | १६ मे, दुपारी १२:४६

म्या काय म्हनलं होतं? 😄

बीजगणित | १६ मे, दुपारी १:१५

पूर्ण नाही, पण अंदाज येईल. दोन वाट्या घ्या, प्रत्येकात शंभर दाणे, वर साधं पाणी. दहा मिनिटांनी बघा. टरफलाला चिरा गेलेला दाणा लगेच सुरकुततो, फुगतो, धड दाण्याला बराच जास्त वेळ लागतो. फुगलेले मोजा. दोन्हीकडं आकडा सारखा आला तर थ्रेशर निर्दोष.

आणि एक, उगवण चाचणी कुठं ठेवली होती? प्रयोगशाळेत २५ अंशांवर ठेवतात, पाचव्या अन् आठव्या दिवशी मोजतात. तुमच्या ओट्यावर ४० च्या वर असेल तर चांगलं बीही उकडून सडतं. मूळ अन् कोंब दोन्ही धड असलेलंच रोप मोजा, नुसतं टोक बाहेर आलेलं नको.

वावरवाला | १६ मे, दुपारी १:३०

रांजणाखाली, ओल्या वाळूजवळ ठेवलं होतं. तिथं गार असतं. टोकवाले मी धरले नव्हते.

ठेचा_भाकर | १६ मे, दुपारी १:४१

रांजणाखाली बी, कूलरसमोर सासरा, अन् जावई बाहेर उन्हात. विदर्भाचा मे.

वावरवाला | १६ मे, रात्री ८:२५

वाट्यांचा निकाल. दादाकडचे ९ फुगले, माझ्याकडचे २१. टरफल पार कागदासारखं सुटून आलं होतं.

बीजगणित | १६ मे, रात्री ९:००

म्हणजे फरक २२ टक्क्यांचा, त्यातले डझनभर तरी थ्रेशरच्या नावावर लागतात, उरलेले शेडाच्या. तेही पक्कं नाही, कारण चिरलेला दाणा खराब शेडात जास्त लवकर मरतो, दोघांनी मिळून मारलेलेही असतील. माझं म्हणणं एवढंच की साठवणुकीनं बी सुधारत नसतं, खळ्यावरून जे आलं तेच ती कमी-जास्त वेगानं खर्च करते.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जो सगळे विसरले. ७० टक्क्यांना एकरी ३० किलो. त्याखाली दर एका टक्क्याला अर्धा किलो वाढवा, ६० ला ३५ किलो होतं. ६० च्या खाली पेरूच नये. कागदावर हिशेब बसतो, पण ५२ वाल्यातले जे उगवतात तेही दमाचे नसतात. रांजणाखाली उगवलेला अशक्त दाणा वावरात पपडी फोडून वर येईलच असं नाही. उगवण घसरायच्या आधी दम घसरतो. दादाचं ७४ वालं कार्बोक्सिन-थायरम या बुरशीनाशकाची ३ ग्रॅम किलोला प्रक्रिया करून, मग रायझोबियम हे जिवाणू खत लावून पेरा. तुमचं बाजार समितीत. बुरशीनाशक लावलेलं बी मात्र चुकूनही खाण्याच्या मालात मिसळू नका.

नगदी | १६ मे, रात्री ९:२०

म्हणजे शेवटी विकायचंच ना. मी पहिल्यांदाच सांगितलं होतं.

चिखलीची_लेक | १६ मे, रात्री ९:२६

तुम्ही बॅग घ्यायला सांगितलं होतं, भाऊ. दादाचं ७४ घरचंच आहे.

वावरवाला | १७ मे, सकाळी ७:४०

ठरलं. माझा माल सोमवारी बाजार समितीत. दादाकडून तीन एकरांचं बियाणं मागितलं. दादा लगेच हो म्हणाला, पण वहिनी मधात पडली. म्हणे, "भाऊजी, चुंगड्या मी शिवल्या, फळ्या मी अंथरल्या, पावसाळी हवेत ताडपत्री मी झाकली. बियाणं न्या, पण दसऱ्यानंतर सवाईनं परत. जुना रिवाज आहे." म्हणजे ९० किलोचे सव्वापट, सरळ एकशे साडेबारा किलो!

आजोबा_अकोट | १७ मे, सकाळी ८:०५

योग्य बोलली सून. आमच्यात दीडी चालायची.

मळणीवाला_कारंजा | १७ मे, सकाळी ८:११

सवाईचा माल मळायले मले बोलवा, सकाळी येतो. अन् परत करायचं बियानं पयले मळू, तुमचं मागून.

धानपट्टा | १७ मे, सकाळी ९:३०

काका, लाखोळीच्या (लाख डाळीच्या) बियाण्याला पण टोके, म्हणजे भुंगे, लागतात आमच्याकडं. त्यावर नवा धागा काढू की इथंच विचारू?